खो दिल्यावर बसायचं असतं

"ताई, मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका कंपनीत आहे. आम्ही कारखान्यांना लागणारे पंप विकतो. नऊ वर्षं विक्रीत काम केलं, शेवटची काही वर्षं आमच्या विभागात माझा पहिला नंबर असायचा. एप्रिलमध्ये बढती मिळाली आणि आठ जणांच्या टीमचा प्रमुख झालो. दोन तिमाह्या झाल्या, दोन्हींत टार्गेट हुकलं. मोठी गिऱ्हाइकं अजून मीच सांभाळतो. तिमाही संपत आली की पोरांची अडकलेली कामंही मीच ओढून नेतो. टीममध्ये एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. मला हे काम त्यांनीच शिकवलं. ही जागा आपल्याला मिळेल असं त्यांना वाटत होतं. आता मीटिंगमध्ये ते एक शब्द बोलत नाहीत. आमचे साहेब क्रिकेटवेडे. मध्यंतरी सगळ्यांना लोणावळ्याला नेऊन एका माजी खेळाडूचं भाषण ठेवलं, टी-शर्ट वाटले. मला म्हणतात, कॅप्टनसारखा पुढे राहून खेळ. मी पुढेच आहे की! खरंच खेळातून आमच्यासारख्यांना काही शिकता येतं, का हे सगळं भाषणापुरतं? आणि माझ्यात ते नसेलच, तर परत साधा विक्री अधिकारी होऊ का?"
– एक दमलेला कप्तान

प्रिय कप्तान,

"मी पुढेच आहे की!" हे वाक्य तुम्ही वैतागून लिहिलंत. माझ्या मते तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे. तुम्ही इतके पुढे आहात की मागच्या आठ जणांना तुमची पाठ तेवढी दिसते.

खेळातून शिकता येतं. लोणावळ्याच्या भाषणातून मात्र फारसं येत नाही. दोष त्या खेळाडूचा नाही, तासाभरात टाळ्या घ्यायच्या तर जिद्द, स्वप्न, घाम एवढंच सांगता येतं. कप्तानाचं खरं काम रुक्ष असतं. अकरा जण निवडायचे, बाराव्याला तोंडावर सांगायचं, कोणाला कुठल्या जागेवर खेळवायचं ते ठरवायचं आणि खेळ चालू असताना बऱ्याचदा नुसतं उभं राहायचं. हे सांगायला कोणी मानधन देत नाही.

साहेब क्रिकेटवेडे आहेत, तर आधी क्रिकेटमधलंच एक अवघड उदाहरण घेऊ. सचिन तेंडुलकरने 25 कसोटींत भारताचं नेतृत्व केलं. त्यातल्या 4 जिंकल्या, 9 हरलो. त्या काळात तो धावा करत नव्हता असं कोणी म्हणू शकणार नाही. जानेवारी 1997 मध्ये केपटाउनला त्याने 169 केल्या, आणि भारत तो सामना 282 धावांनी हरला. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिजटाउनला पहिल्या डावात त्याच्या 92 होत्या. चौथ्या डावात भारताला हव्या होत्या 120, आणि सगळा संघ 81 वर आटोपला. सचिनला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही, तशी माझी छाती नाही. संघ दुबळा होता, परदेशी खेळपट्ट्या होत्या, कारणं बरीच आहेत. पण स्वतः उत्तम खेळणं आणि संघ जिंकणं ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक आपोआप दुसऱ्यात वळती होत नाही. तुमच्या कंपनीने पहिलं खातं बघून दुसरं तुमच्या नावावर केलं. बहुतेक कंपन्या हेच करतात.

आता क्रिकेट जरा बाजूला ठेवते. तुम्हाला ज्या खेळाची गरज आहे तो खो-खो आहे, आणि त्याच्यावर लोणावळ्यात कोणी बोलत नाही. 2025च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही अंतिम सामन्यांत समोर नेपाळ होता. दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपल्याकडच्या किती ऑफिसांत ही नावं कोणाला माहीत असतील, कोण जाणे.

नेहमीच्या खो-खोत मैदानात एका वेळी नऊ जण पाठलागावर असतात. तुम्ही धरून तुमचे जण किती? नऊच. आठ जण मधल्या पट्ट्यावर बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा धावतो. या धावणाऱ्यावर सगळी बंधनं. मधला पट्टा ओलांडायचा नाही. एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय उलटं फिरायचं नाही. पळणाऱ्याला मात्र सगळी मोकळीक. त्याला वाटेल तसं वळता येतं, दोन बसलेल्यांच्या मधून सटकता येतं. त्यामुळे तुम्ही कितीही वेगवान असा, एकट्याने पळून चपळ गडी बाद होत नाही. तो पट्ट्याच्या पलीकडे गेला की तिकडे तोंड करून बसलेल्याला खो द्यावाच लागतो. जो जास्त वेळ एकटा धावतो, त्याच्या संघाची मिनिटं वाया जातात. बघणाऱ्यांना मात्र तोच खूप मेहनत करतोय असं वाटतं.

खो देण्याचेही नियम आहेत. मागून द्यायचा, हाताचा स्पर्श झाला पाहिजे आणि "खो" मोठ्याने म्हटला पाहिजे. नुसता हात लावून चालत नाही, नुसतं ओरडून चालत नाही. बसलेला त्याआधी उठला तर फाउल. आणि खो देणारा लगेच त्या उठलेल्याच्या जागेवर बसतो. त्याच्याबरोबर धावत राहत नाही. "डावीकडून जा रे, अरे तो बघ" करत मागे लागत नाही. कुठून जायचं ते आता उठलेला ठरवणार.

तुमच्या पत्रावरून दिसतं ते असं. मोठं गिऱ्हाईक तुम्ही शेवटपर्यंत धरून ठेवता. दमलात की अर्धवट अवस्थेत कोणाला तरी देता, तेही "जरा बघ रे त्यांचं" इतक्या मोघमपणे. दिल्यावर बसत नाही, मागोमाग धावता. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या हातातून परतही घेता. त्या पोराने यातून काय शिकायचं? पंचवीस तारखेपर्यंत शांत बसलं की साहेब येऊन काम पुरं करतात, हेच. हे शिकायला त्यांना दोन तिमाह्या पुरल्या असतील.

म्हणून पहिलं काम. तुमच्या नावावरची गिऱ्हाइकं कागदावर लिहून काढा. खरोखर तुमच्यावाचून अडेल अशी दोन-तीन ठेवा, बाकीची द्या. देताना त्या माणसाला घेऊन गिऱ्हाइकाकडे जा आणि दोघांच्या समोर सांगा की आजपासून हे बघतील, अमुक टक्क्यांपर्यंतची सूट यांच्या अधिकारात आहे. त्या खरेदी अधिकाऱ्याचा फोन तरीही तुम्हालाच येईल, कारण त्याला तुमची सवय आहे. कदाचित तुम्ही जरा जास्त सूट देता हेही त्याला माहीत असेल. फोन घ्या, घरची चौकशी करा, आणि किमतीचा विषय निघाला की नव्या माणसाचं नाव सांगून थांबा. पहिले काही आठवडे हात शिवशिवतील.

यात एक खरी अडचण आहे आणि ती साहेबांशी आधीच बोलायला हवी. येती तिमाही कदाचित आणखी पडेल. गिऱ्हाइकं हलवली की दोन-चार ऑर्डरी पुढे ढकलल्या जातात, एखादी जातेही. हे आकड्यांसह आधी सांगितलंत तर ती योजना ठरते. नंतर सांगितलंत तर सबब. आणि तुमच्या इन्सेंटिव्हचा हिशोब बघा. मोठ्या गिऱ्हाइकांवरचं इन्सेंटिव्ह अजून तुमच्याच नावावर जमा होत असेल, तर तुमचा खो घशातच अडकणार. माणूस आहात, साधू नाही. तुमचं इन्सेंटिव्ह टीमच्या एकूण आकड्यावर लावून घ्या आणि ते लेखी घ्या.

नियमांचा विषय निघालाच आहे तर भारताचे जुने क्रिकेट कप्तान अजित वाडेकरांबद्दल सांगते. तुमच्यासाठी मला सगळ्यात जवळचे तेच वाटतात. एक तर ते नोकरदार होते, स्टेट बँकेत अधिकारी. तेव्हाच्या मुंबईत बँका, गिरण्या, मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकरीवर ठेवत आणि टाइम्स शील्डमध्ये ऑफिसांचे संघ एकमेकांशी चुरशीने खेळत. वाडेकरांना कप्तानपद मिळालं तेही अडचणीतच. 1971च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी निवड समितीत मतं सारखी पडली. अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांना दिलं आणि मन्सूर अली खान पतौडींचं कप्तानपद गेलं. पतौडींचा दबदबा तुम्ही ऐकला असेल. अशा माणसाच्या खुर्चीत, तीही एका मताने मिळालेल्या, जाऊन बसायचं होतं.

वाडेकरांनी काय केलं? त्या दौऱ्यासाठी दिलीप सरदेसाईंना घेण्याचा आग्रह धरला. मडगावात जन्मलेला हा फलंदाज तेव्हा संपल्यातच जमा आहे असं अनेकांना वाटत होतं. सरदेसाईंनी त्या मालिकेत 642 धावा केल्या. आपल्याला गावसकरांच्या 774 आठवतात, आठवायलाच हव्यात. पण कप्तानाची पारख 642 मध्ये दिसते. 21 वर्षांच्या नव्या पोराने चमकणं हा निवड समितीचा आनंद असतो. बाजूला पडलेल्या अनुभवी माणसाला उभं करणं हे कप्तानाचं काम.

किंग्स्टनची पहिली कसोटी. पहिला दिवस पावसाने धुऊन नेला. भारताने 387 केल्या, त्यात सरदेसाईंच्या 212. वेस्ट इंडीज 217 ला गुंडाळले. आघाडी 170. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला, म्हणजे समोरच्यांना लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला, 200 ची आघाडी लागते, तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की भारत पुन्हा फलंदाजी करणार. पण पहिला दिवसच झाला नसल्यामुळे नियमाप्रमाणे सामना चार दिवसांचा धरला जात होता आणि तिथे 150 पुरे होत्या. वाडेकरांनी त्यांचे कप्तान गॅरी सोबर्स यांना फॉलोऑन सांगितला. यजमानांच्या गोटात चकित व्हायची पाळी आली. सामना अनिर्णित राहिला, पण त्यापूर्वी वेस्ट इंडीजवर भारताने कधी फॉलोऑन लादला नव्हता, आणि एका बँकेतल्या माणसाने नियमपुस्तक वाचून तो लादला. पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. वाडेकरांनी सलीम दुराणींच्या हाती चेंडू दिला आणि दुराणींनी क्लाइव्ह लॉइड आणि सोबर्स या दोघांना झटपट परत पाठवलं. वेस्ट इंडीजविरुद्धचा भारताचा तो पहिला कसोटी विजय. मालिका 1-0. त्याच उन्हाळ्यात ओव्हलवर चंद्रशेखर यांनी 38 धावांत 6 गडी टिपले आणि इंग्लंडमधली मालिकाही आपली झाली. विजयी धाव निघाली तेव्हा वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये झोपले होते, ही गोष्ट तुमच्या साहेबांना नक्की माहीत असेल. पुढच्या वेळी त्यांनी "पुढे राहून खेळ" म्हटलं की हळूच आठवण करून द्या.

यातली तुमच्या कामाची शेवटची गोष्ट अशी: 1972-73 मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा पतौडी परतले, आणि वाडेकरांच्या नेतृत्वाखाली खेळले. दोघांची गळाभेट झाली की नाही, मनात काय होतं, ते आपण कशाला रंगवायचं? एवढं खरं की जुना कप्तान नव्याच्या हाताखाली खेळू शकतो. त्यासाठी दोघांनी जिवलग होण्याची गरज नसते.

तुमच्या त्या गृहस्थांचं आता. मीटिंगमधल्या त्यांच्या गप्प बसण्यावर मीटिंगमध्ये काहीही बोलू नका. त्यांना एकट्याने भेटा, ऑफिसबाहेर चहाला न्या. सरळ सांगा: ही जागा तुम्हाला मिळेल असं तुम्हाला वाटत होतं, ते चूक नव्हतं, निर्णय माझा नव्हता, आणि काम मला तुम्ही शिकवलंत हे मी विसरलेलो नाही. एवढंच बोला आणि थांबा. ते काही कडू बोलले तर बोलू द्या. "तुम्ही मला वडिलांसारखे" वगैरे अजिबात म्हणू नका. ज्याची बढती हुकली त्याला वडीलपण नको असतं.

मग काम द्या, खरं काम. मार्गदर्शक, सल्लागार अशी शोभेची पाटी नको. माझी सूचना अशी. खेळाडू सामना खेळण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ नेटमध्ये, म्हणजे जाळीतल्या सरावात, असतात. आपल्या ऑफिसांत नेट्स नसतातच, सगळे थेट सामन्यात उतरतात. नवखा विक्रेता पहिली अवघड वाटाघाट थेट गिऱ्हाइकासमोर करतो आणि आपटतो. तुम्ही आठवड्यात एक तास नेट लावा. येणारं मोठं कोटेशन घ्या. पोरांपैकी एक जण विक्रेता आणि समोर खरेदी अधिकारी म्हणून हे ज्येष्ठ. त्यांनी तीसेक वर्षं असली माणसं झेलली असतील. त्यांच्याइतका खवट खरेदी अधिकारी दुसरा कोण वठवणार? दर पाडून मागणं, दुसऱ्याचं कोटेशन नाचवणं, बिलाची मुदत तीस दिवसांवरून नव्वदवर नेणं, सगळं करू द्या. तुम्ही कोपऱ्यात बसून ऐका. हे त्यांना जमलं तर महिन्याभरात ते बोलू लागतील, कारण बोलायला त्यांना स्वतःचा विषय मिळेल. नाहीच जमलं, त्यांनी नकार दिला, तर रुसू नका. त्यांचं टार्गेट त्यांना, तेवढंच बघा, बाकीच्यांना लावता ती मोजपट्टी लावा. मनधरणी करत वर्ष घालवू नका.

ज्याला हवं ते मिळालं नाही त्याचं पुढे काय होतं, याचं एक उदाहरण साहेबांनाही आवडेल. 1988 मध्ये शाळेच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी 664 धावांची भागी करत होते तेव्हा पॅड बांधून पुढच्या नंबरला बसला होता अमोल मुजुमदार. पुढे रणजी पदार्पणात 260 केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, आणि भारताची टोपी एकदाही मिळाली नाही. 2025 मध्ये नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तेच होते. त्या स्पर्धेत संघ ओळीने तीन सामने हरला होता. तुमच्या तर दोनच तिमाह्या हुकल्यात. त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध एक जादा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं, आणि तीच उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 करून गेली. बाहेर बसवण्याला कारण असावं आणि परत येण्याची वाट उघडी असावी. तुमच्या टीममध्ये कोणाकडून एखादं गिऱ्हाईक काढून घ्यावं लागलं तर हे ध्यानात ठेवा.

आणि कोणाच्या चुकीचा फटका तुम्हालाच बसला तर? मेलबर्न, डिसेंबर 2020. आधीच्या कसोटीत ॲडलेडला भारत 36 धावांत कोसळलेला, विराट कोहली बायकोच्या बाळंतपणासाठी घरी परतलेला, कप्तान अजिंक्य रहाणे. कोहलीच्या जागी फलंदाज न घेता रवींद्र जडेजाला घेऊन पाच गोलंदाज खेळवले. रहाणे 112 वर असताना 49 वर खेळणारा जडेजा अर्धशतकाची धाव घ्यायला धावला आणि रहाणे धावबाद झाला. रहाणेने आदळआपट केली नाही, उलट जाता जाता जडेजालाच धीर दिला. जडेजाचं अर्धशतक झालं, सामना आठ गड्यांनी जिंकला, पुढे ब्रिस्बेनला मालिकाही. कोहली परतल्यावर रहाणे पुन्हा उपकप्तान.

खेळातलं काय घेऊ नये तेही सांगते, कारण साहेब सगळंच घेतील. सामना संध्याकाळी संपतो, मोसम संपतो, मग विश्रांती असते. तुमच्याकडे 31 मार्चच्या दुसऱ्या दिवशी आकडा शून्यावर येतो आणि पुन्हा धावायचं असतं. त्यामुळे रोज "आज फायनल आहे समजा" म्हणणारा साहेब माणसं जाळतो. दुसरं, भिंतीवर लावलेला तो कोण पहिला, कोण आठवा असा तक्ता. तुमच्याकडे असेल असा माझा अंदाज आहे, असेल तर काढा. संघातल्या अकरा जणांच्या धावा एकाच फलकावर मिळवल्या जातात. तुमचे आठ जण त्या तक्त्यामुळे एकमेकांविरुद्धच खेळतात आणि चांगलं गिऱ्हाईक एकमेकांपासून लपवतात. तिसरं, मैदानावरचं ओरडणं. तिथे गोंगाटात ऐकू जावं म्हणून ओरडतात. तुमच्या मीटिंग रूमला एसी आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, परत विक्री अधिकारी होण्याचा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सचिनने 2000 मध्ये कप्तानपद सोडलं, नंतर तेरा वर्षं खेळला, 2007 मध्ये पुढचा कप्तान म्हणून धोनीचं नाव सुचवणाऱ्यांत तोच होता, आणि 2011चा विश्वचषक त्याच धोनीच्या हाताखाली उचलला. पण तुम्ही आत्ता दमलेले आहात, अशा वेळी हा निर्णय घेऊ नका. वर लिहिलेलं मार्चअखेरपर्यंत करून बघा. तोवर टार्गेट गाठलं की नाही यापेक्षा एक गोष्ट तपासा: तुमच्या माणसाने तुमच्याशिवाय एखादी मोठी ऑर्डर आणली, तर तुम्हाला आनंद होतो की आत कुठेतरी खुपतं? सतत खुपतच राहिलं, तर एप्रिलमध्ये साहेबांकडे जा आणि परत जायचं आहे म्हणून सांगा. त्याआधी एचआरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: तुमची ग्रेड आणि मूळ पगार कायम राहील, आणि विक्रीतल्या लोकांना वरची पायरी कोणती आहे. बऱ्याच कंपन्यांत टीम न सांभाळता वर जायची वाट असते, फक्त विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि या काळात जी गिऱ्हाइकं दुसऱ्यांना दिलीत, ती परत मागू नका. नवी शोधा, ते तुम्हाला येतं.